न हलणारं, न फुगणारं भिंग

काचेचा नखाएवढा तुकडा. दोन्ही बाजूंनी सपाट, कुठे फुगवटा नाही की खळगा नाही, आणि कडेला जोडलेल्या दोन बारीक तारा. तारांत वीज नसते तेव्हा त्यातून पलीकडचं जग जसंच्या तसं दिसतं. काही व्होल्ट दिले की हीच सपाट काच बहिर्वक्र भिंगासारखी वागू लागते. प्रकाशाचे किरण गोळा करते आणि एका बिंदूवर आणून सोडते. व्होल्ट थोडे बदलले की तो बिंदू पुढे-मागे सरकतो. मोटर नाही, खटका नाही, काचेचा आकार तसूभरही बदललेला नाही. वीज बंद केली की पुन्हा साधी काच.

हे द्रवस्फटिकाचं भिंग. ज्या पदार्थामुळे कॅल्क्युलेटरवर आकडे उमटतात आणि टीव्हीवर चित्रं दिसतात, त्याच जातीचा पदार्थ इथे पडद्याचं काम सोडून डोळ्याचं काम करतो.

डोळा म्हटल्यावर आधी खऱ्या डोळ्यांकडे पाहिलेलं बरं. लांबचं पाहता पाहता नजर जवळच्या वस्तूवर आणायची, तर माणसाच्या डोळ्यातले स्नायू आकुंचन पावतात आणि आतलं लवचीक भिंग फुगतं. वय वाढतं तसं ते कडक होतं, फुगेनासं होतं, आणि आपल्याला चाळिशी लागते. माशाची तऱ्हा वेगळी. त्याच्या डोळ्यातलं भिंग जवळजवळ गोल असतं. ते फुगत नाही, अख्खंच्या अख्खं पुढे-मागे सरकतं. कॅमेऱ्याने माशाची वाट धरली. हातातल्या मोबाइलमध्येही एक इवलीशी तारेची गुंडाळी आणि चुंबक असतं, आणि फोटो स्पष्ट होताना भिंगं खरोखरच जागची हलतात. द्रवस्फटिकाचं भिंग फुगतही नाही आणि सरकतही नाही. मग ते करतं काय?

ते प्रकाशाला उशीर करतं.

खरं तर जगातलं प्रत्येक भिंग तेवढंच करतं. शाळेत फुगीर काचेच्या आकृत्या काढून काढून आपल्याला वाटतं की सगळी किमया त्या फुगवट्यात आहे. प्रकाश निर्वातात सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, साध्या काचेत दोन लाखांच्या आसपास. बहिर्वक्र भिंग मध्ये जाड असतं, म्हणून मधून जाणारा प्रकाश जास्त रखडतो आणि कडेचा लवकर सुटतो. लेझीमच्या पथकातली एक आडवी रांग रस्त्याने चालली आहे आणि मधल्या चौघांच्या वाटेत चिखल आला, असं समजा. कडेचे पुढे गेले, मधले मागे राहिले, रांगेला बाक आला. आता प्रत्येक जण आपल्या जागेवरच्या रांगेशी काटकोन धरून चालू लागला, तर दोन्ही टोकांची माणसं आत वळतील आणि पुढे कुठेतरी सगळे एकाच जागी येऊन भिडतील. ती जागा म्हणजे नाभी. भिंगाला लागतो तो उशिराचा हा नकाशा: मध्ये सर्वांत जास्त, कडेकडे कमी कमी. नकाशा काचेच्या जाडीतून काढलाय की आणखी कशातून, याच्याशी प्रकाशाला काही देणंघेणं नाही.

हे ‘आणखी कशातून’ एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर सापडलं. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिक रायनिट्झर हे कोलेस्टेरॉल आणि गाजरातली त्याच्या जवळची द्रव्यं यांचा अभ्यास करत होते. कोलेस्टेरिल बेंझोएट नावाचं संयुग तापवताना त्यांना विचित्र गोष्ट दिसली. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळलं, पण गढूळ द्रव झालं. तापवत राहिल्यावर १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव एकाएकी नितळ झाला. म्हणजे एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू! त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञाला विचारलं असतं, तर त्याने नमुन्यात भेसळ आहे म्हणून तो बाजूला सारायला सांगितलं असतं. रायनिट्झर यांनी तसं केलं नाही. त्यांनी नमुना ओटो लेहमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाकडे धाडला. लेहमान यांच्याकडे नमुना तापवत तापवत ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या, प्रकाशात न्याहाळता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. त्यांना दिसलं की हा द्रव वाहतो इतर द्रवांसारखाच, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. वाहणारा स्फटिक ही कल्पना पुष्कळांना पटली नाही, आणि वाद बरीच वर्षं चालला.

आज त्यामागचं कारण सोपं करून सांगता येतं. भिंगासाठी वापरतात त्या नेमॅटिक प्रकारात रेणू लांबट, कांडीच्या आकाराचे असतात. त्यांना ठरलेल्या जागा नसतात, ते द्रवात मोकळे फिरतात. पण त्यांची लांबी साधारण एकाच दिशेला राहते. अंगात शिस्त आहे ती दिशेची, जागेची नाही. यातून एक अफलातून गोष्ट घडते. प्रकाशलहरीचं कंपन रेणूच्या लांबीच्या दिशेने असेल तर ती जास्त रखडते, आडव्या दिशेने असेल तर कमी. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नेहमीच्या हवामानात टिकणारे द्रवस्फटिक बनवले, आणि त्यांच्यामुळेच पडद्यांचा उद्योग उभा राहिला. त्यातल्या ‘फाइव्ह सीबी’ या प्रसिद्ध द्रवस्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती रखडतो याचं माप, एका दिशेने सुमारे १.५३ आणि दुसऱ्या दिशेने सुमारे १.७१ असतो. एकाच थेंबात दोन काचा! त्यातली कोणती प्रकाशाच्या वाट्याला येणार, ते रेणू आडवा आहे की उभा, यावर ठरतं.

रेणूला उभं करणं विजेला सहज जमतं. रशियन भौतिकशास्त्रज्ञ व्हसेवोलोद फ्रेडरिक्स यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की भिंतींनी आडव्या धरून ठेवलेल्या द्रवस्फटिकाला बाहेरचं क्षेत्र एका ठरावीक मर्यादेपर्यंत हलवू शकत नाही. मर्यादा ओलांडली की रेणू वळू लागतात. विजेच्या बाबतीत ही मर्यादा साधारण एक व्होल्ट भरते, आणि गंमत म्हणजे थर जाड असो की पातळ, व्होल्ट तेवढेच लागतात. फ्रेडरिक्स यांना पुढे स्टालिनच्या अटकसत्रात पकडलं गेलं, आणि १९४४ साली ते वारले. आज आपण दिवसभर ज्या पडद्यांत डोकं घालून बसतो, त्यांच्यापैकी पुष्कळांत त्यांनी अभ्यासलेलं तेच वळण लाखो ठिकाणी घडत असतं.

आता भिंग बनवायचं. दोन सपाट काचा घ्यायच्या. त्यांच्या आतल्या बाजूंना वीज वाहणारा पारदर्शक लेप द्यायचा. त्यावर पॉलिमाइडचा पातळ थर चढवायचा आणि तो मखमली कापडाने एकाच दिशेने घासायचा. हो, घासायचाच. इतक्या नाजूक तंत्रातली ही पायरी मला अजूनही खरी वाटत नाही, पण पडद्यांच्या कारखान्यांतही वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे. घासल्याने जी दिशा उमटते, तिला धरून रेणू आडवे होतात. मग दोन काचांमध्ये द्रवस्फटिक भरायचा आणि वरच्या काचेच्या वाहक लेपात मधोमध एक गोल छिद्र ठेवायचं. छिद्राच्या कडेजवळ विद्युत क्षेत्र तीव्र असतं, मध्याकडे ते क्षीण होत जातं. म्हणजे कडेचे रेणू ताठ उभे राहतात, मधले जवळपास आडवेच राहतात आणि दरम्यानचे तिरके. कडेच्या प्रकाशाला १.५३ चा अनुभव येतो, मधल्याला १.७१ चा. उशिराचा नकाशा तयार झाला! जपानमधल्या अकिता विद्यापीठातले सुसुमु सातो यांनी १९७९ साली द्रवस्फटिकाचं पहिलं बदलतं भिंग दाखवलं. त्यात त्यांनी एका बाजूला वक्र काच वापरली होती. पुढच्या दहा वर्षांत छिद्राच्या युक्तीने त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो वक्रपणाही काढून टाकला. व्होल्टची मांडणी उलटी केली, मध्ये जास्त आणि कडेला कमी, तर हेच भिंग अंतर्वक्रही होतं.

मग आपल्या मोबाइलमध्ये, चष्म्यात, दुर्बिणीत हे का नाही? इथे गणित आडवं येतं, आणि ते पाहण्यासारखं आहे.

अशा भिंगाचं नाभीय अंतर काढायचं सूत्र सोपं आहे: त्रिज्येचा वर्ग भागिले, अपवर्तनांकांतला फरक गुणिले थराची जाडी यांची दुप्पट. फरक ०.२ धरू, थर ५० मायक्रॉनचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा. भिंग दोन मिलिमीटर रुंद असेल, तर नाभीय अंतर येतं पाच सेंटिमीटर. झकास. रुंदी चार मिलिमीटर केली की अंतर वीस सेंटिमीटरवर जातं. दोन सेंटिमीटर केली, म्हणजे लहानशा चष्म्याच्या काचेएवढी, की पाच मीटर! इतकं अशक्त भिंग असून नसून सारखंच. मग थर जाड करावा? तिथे दुसरी अडचण दबा धरून बसलेली असते. वीज काढल्यावर रेणूंना आडवं व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. पाच मायक्रॉनच्या थराला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरत असेल, तर ५० मायक्रॉनच्या थराला अडीच सेकंद लागतात. टीव्हीच्या पडद्यातला थर पाच मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणून त्यावर क्रिकेटचा चेंडू पळताना दिसतो. भिंगातला थर ५० मायक्रॉनचा ठेवला तर चेंडू सीमेपार गेल्यावर आपली नजर जुळेल. मोठं, शक्तिशाली आणि चपळ या तिन्ही गोष्टी एका भिंगात मागितल्या की द्रवस्फटिक हात वर करतो.

पण लहान भिंग चालत असेल तर? असं काम आहे, आणि माझ्या मते द्रवस्फटिकाच्या भिंगाची खरी कर्तबगारी तिथेच आहे. ते काम म्हणजे त्रिमितीय चित्रण.

साधा फोटो जगाची खोली पुसून टाकतो. जवळची फुलदाणी आणि लांबचा डोंगर एकाच सपाट कागदावर येऊन बसतात. ती खोली परत मिळवायची एक युक्ती अशी: कॅमेरा जागेवर ठेवायचा आणि नाभी हळूहळू बदलत एकामागून एक फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोत काही भाग स्पष्ट येतो, बाकीचा धूसर. दृश्यातला एखादा बिंदू कोणत्या फोटोत सर्वांत रेखीव आला, ते संगणक पाहतो, आणि त्यावरून तो बिंदू किती लांब आहे ते कळतं. असं प्रत्येक बिंदूचं केलं की दृश्याचा उंचसखल नकाशा हाती येतो. (कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे मात्र ही युक्ती फसते. जिथे रेघ नाही, डाग नाही, तिथे रेखीव काय आणि धूसर काय?) भिंग सरकवून हे करता येतं, पण सरकताना ते किंचित डुगडुगतं, फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. द्रवस्फटिकाच्या भिंगात हलायला काही नाहीच. शरीरात घालायच्या एंडोस्कोपचं टोक तर काही मिलिमीटरचंच असतं. तिथे मोटरीला जागा नाही, आणि दोन-तीन मिलिमीटरचं भिंग अगदी नेमकं बसतं. मघाशी गणितात जी मर्यादा वाटली, ती इथे आड येत नाही.

दुसरी युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गॅब्रिएल लिपमन यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक कल्पना मांडली. एका मोठ्या भिंगाऐवजी शेकडो इवल्या भिंगांची चादर करायची, माशीच्या संयुक्त डोळ्यासारखी. प्रत्येक इवलं भिंग तेच दृश्य जरा वेगळ्या कोनातून टिपतं. मग त्याच चादरीमागून प्रकाश सोडला की किरण आले त्या वाटेने परत जातात आणि हवेत वस्तूची त्रिमितीय प्रतिमा उभी राहते, चष्मा न लावता. त्याच वर्षी लिपमन यांना नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणाच्या भलत्याच पद्धतीसाठी. त्यांच्या चादरीत एक मजेशीर खोड होती. तिच्यातून पाहिलं की खोली उलटी व्हायची. नाक पुढे येण्याऐवजी चेहऱ्यात रुतलेलं दिसायचं. ती पुढे दुरुस्त झाली. पण दुसरी अडचण चिवट निघाली: इवल्या भिंगांची नाभी ठरलेली असल्यामुळे एका ठरावीक अंतराच्या आसपासच प्रतिमा रेखीव राहायची, पुढे-मागे फिसकटायची.

चादरच द्रवस्फटिकाची केली तर? मग तिची नाभी बदलता येते. चादरीतली भिंगं विजेच्या जोरावर आडवी ‘सरकवता’ येतात, म्हणजे काच जागेवरच राहते आणि व्होल्टची मांडणी शेजारच्या वाहक पट्ट्यांवर जाते. वीज बंद केली की चादर नाहीशी होऊन मागचा पडदा साध्या चित्रासाठी मोकळा होतो. कनेक्टिकट विद्यापीठातले बहराम जाविदी आणि तैवानच्या च्याओ तुंग विद्यापीठातल्या यि-शिन लिन यांच्या गटांनी २०१५ साली दोन नाभींचं द्रवस्फटिकी भिंग अशा त्रिमितीय पडद्याला जोडून दाखवलं. भिंग दोन नाभींमध्ये झपाट्याने उड्या मारतं, एकदा प्रतिमेचा जवळचा भाग रेखीव करतं, एकदा लांबचा. डोळ्याला दोन्ही एकत्र दिसतात, आणि प्रतिमेची खोली वाढते.

डोक्यावर चढवायच्या आभासी जगाच्या चष्म्यांत नाभी बदलण्याच्या याच युक्तीची फार गरज आहे. असा चष्मा लावून थोड्या वेळाने पुष्कळांचं डोकं जड होतं. जवळची वस्तू पाहायला दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, आणि त्याच वेळी आतली भिंगं फुगतात. या दोन हालचाली जन्मभर जोडीने होत आलेल्या असतात. चष्म्यात वस्तू जवळ ‘दिसते’, डोळे वळतात, पण प्रकाश मात्र ठरलेल्या एकाच अंतरावरून आल्यासारखा येतो. डोळ्यांचं वळणं आणि आतल्या भिंगांचं फुगणं यांची फारकत होते. फेसबुकच्या संशोधन शाखेने २०१८ साली दाखवलेल्या ‘हाफ डोम’ नमुन्यात त्यासाठी पडदेच यंत्राने पुढे-मागे सरकत. २०१९ च्या ‘हाफ डोम ३’ मध्ये यंत्र गेलं आणि सहा पातळ द्रवस्फटिकी भिंगांची चळत आली. प्रत्येक भिंगाच्या दोन अवस्था, म्हणून एकूण ६४ वेगवेगळ्या नाभी. हे प्रयोगशाळेतले नमुने होते, विकायचा माल नव्हे.

आणि इथे गोष्ट बंगळुरूला येते. पातळ द्रवस्फटिकी भिंगांच्या ज्या जातीवर आज सर्वाधिक भिस्त आहे, तिच्या नावात एक भारतीय नाव आहे: पंचरत्नम–बेरी. सी. व्ही. रामन यांचे भाचे शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, रामन संशोधन संस्थेत असताना एक नवल शोधलं. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची, म्हणजे त्याच्या कंपनाच्या दिशेची किंवा गरगरण्याची, अवस्था बदलत बदलत पुन्हा मूळ अवस्थेला आणली, तर प्रकाशलहर जशी होती तशी परत येत नाही. तिच्या तालात थोडा फरक पडलेला असतो, आणि तो किती, हे ध्रुवीकरणाने मधल्या काळात कोणता फेरा घेतला यावर ठरतं. म्हणजे उशीर जाडीतून नाही, अपवर्तनांकाच्या चढउतारातूनही नाही, तर निव्वळ भूमितीतून! ब्रिटनमधल्या मायकेल बेरी यांनी १९८४ साली पुंजभौतिकीत याच्यासारखीच, पण फार व्यापक गोष्ट स्वतंत्रपणे मांडली. पंचरत्नम यांनी जवळजवळ तीन दशकं आधी तिचाच एक अवतार पाहिला होता, हे १९८६ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं एस. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी. नित्यानंद पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. पंचरत्नम मात्र १९६९ साली ऑक्सफर्डमध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले होते. बेरी यांनी त्यांचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं.

या जातीच्या भिंगात रेणू उभे-आडवे होत नाहीत. ते काचेच्या पातळीतच, मध्यापासून कडेपर्यंत क्रमाने फिरवून ठेवलेले असतात. रेणू जितका फिरलेला, त्याच्या दुप्पट कोनाएवढा फरक लहरीच्या तालात पडतो. त्यामुळे थर फक्त दोनेक मायक्रॉनचा पुरतो, आणि भिंग रुंद केलं तरी थर जाड करावा लागत नाही. उजवीकडे गरगरणारा प्रकाश गोळा होतो, तर डावीकडे गरगरणारा फाकतो. म्हणून समोर एक चपळ द्रवस्फटिकी पट्टी बसवून प्रकाशाची गिरकी उलटवली, की क्षणात भिंगाचा स्वभावच उलटतो. जाडी आणि चपळाईचं जे भांडण मघाशी मिटत नव्हतं, ते इथे निकालात निघतं.

किंमत मोजावी लागतेच. या भिंगांत लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची नाभी वेगवेगळ्या ठिकाणी पडते, आणि रंगांच्या कडा फुटतात. जुन्या पद्धतीच्या भिंगाला एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश लागतो, म्हणजे समोर ध्रुवक लावावा लागतो आणि निम्मा प्रकाश तिथेच संपतो. तो वाचवायचा तर एकमेकांना काटकोनात असलेले दोन थर घ्यावे लागतात. चाळिशीवरचा उपायही करून झाला आहे. २००६ साली ॲरिझोना विद्यापीठातल्या गटाने पाच मायक्रॉनच्या द्रवस्फटिकाचं, दोन व्होल्टहून कमी विजेवर चालणारं चष्म्याचं भिंग दाखवलं. त्यात एक शहाणपणाची तजवीज होती. बॅटरी संपली की भिंग आपोआप लांबच्या नजरेवर येतं, म्हणजे गाडी चालवताना कुणी आंधळा होत नाही. तरीही असा चष्मा कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे सर्रास मिळू लागलेला नाही.

माझं मत विचाराल, तर फोटोग्राफरच्या बॅगेतली जाडजूड काचेची भिंगं द्रवस्फटिक हुसकावून लावेल, असं मला वाटत नाही. काच प्रकाश जास्त सोडते, रंग कमी फोडते आणि बॅटरी मागत नाही. द्रवस्फटिकाचं राज्य तिथे, जिथे हलायलाच जागा नाही: एंडोस्कोपच्या टोकाशी, सूक्ष्मदर्शकाच्या नळीत आणि डोळ्यांपासून दोन बोटांवर असलेल्या चष्म्यात. त्यातही पहिली बाजी डॉक्टरांची उपकरणं मारतील, खेळण्याचे चष्मे नव्हे. डॉक्टरांना भिंग दोन मिलिमीटरचंच हवं असतं.